तळ्याचे थेंब

'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी कित्त्यात गिरवली असेल. थोडे थोडे साठवीत गेल्याने पुष्कळ होते, हा तिचा अर्थ. आज आम्हांस जे सांगावयाचे आहे ते मात्र या म्हणीच्या नेमके उलट आहे. साचलेल्या तळ्याचे पुन्हा थेंब केले, आणि तेही मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढ्या व्यासाचे, तर काय साधते? ज्या प्रश्नाचे उत्तर देण्यास रुग्णालयातील प्रयोगशाळेला सामान्यतः दोन-तीन दिवस लागतात, ते उत्तर काही तासांत मिळण्याची वाट मोकळी होते. तो प्रश्न असा : या रोग्याच्या शरीरात जो जंतू शिरला आहे, तो कोणत्या औषधाने मरेल, आणि कोणत्या औषधाला दाद देणार नाही?

प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याच्या उत्तराला लागणारा वेळ जीवघेणा ठरू शकतो. रक्तात जंतू शिरून अंगभर पसरले की रोग्याची प्रकृती तासातासाला ढासळते. डॉक्टर उत्तराची वाट पाहत बसू शकत नाहीत. आपल्या अनुभवावरून, आणि त्या भागात सामान्यतः कोणते जंतू आढळतात या माहितीवरून, ते एक औषध निवडतात व सुरू करतात. निवड बरोबर आली तर रोगी उठून बसतो. ती चुकली, तर दोन दिवसांनी प्रयोगशाळेचा कागद येतो आणि दिलेल्या औषधाचा या जंतूवर काहीच परिणाम नाही असे त्यावर लिहिलेले असते. अशी चूक होऊ नये म्हणून पुष्कळदा अधिक जबर औषधाने आरंभ केला जातो. त्याने रोगी वाचतो हे खरे. पण ज्या औषधाची गरज नव्हती ते वापरात आल्यामुळे त्याला पुरून उरणारे जंतू मागे राहतात, आणि पुढे तेही शस्त्र बोथट होते. सारांश, उशिरा येणाऱ्या उत्तराची किंमत आजचा रोगी देतो आणि उद्याचाही. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा हा विषय केवळ प्रयोगशाळेतील कुतूहलाचा नाही, तुमच्या-आमच्या घरचा आहे.

पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिन यांसारखी जी औषधे आपण अँटिबायॉटिक्स या नावाने ओळखतो त्यांना मराठीत प्रतिजैविके म्हणतात. या औषधांना जे जंतू दाद देत नाहीत, त्यांना या लेखापुरते आपण निर्ढावलेले जंतू म्हणू.

जंतू निर्ढावतो कसा?

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी लंडनमध्ये पेनिसिलिनचा शोध लावला तो १९२८ साली. ऑक्सफर्ड येथे फ्लोरी, चेन आणि त्यांचे सहकारी यांनी ते रोग्यास देता येईल अशा रूपात आणले ते १९४० नंतर. परंतु १९४० सालीच, म्हणजे हे औषध लोकांच्या हाती पडण्यापूर्वीच, ऑक्सफर्डच्याच एब्राहम व चेन यांनी असे दाखवून दिले होते की, पेनिसिलिनचा नाश करणारे एक द्रव्य काही जंतूंच्या अंगी मुळातच असते. औषध यायच्या आधीच त्याचा उतारा हजर होता! पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सच्या कारखान्यात १९५५ साली पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले, तेव्हा परदेशांतील रुग्णालयांत पेनिसिलिनला न जुमानणारे पुवाचे जंतू ओळखीचे होऊन गेले होते. त्यांच्यावर उपाय म्हणून १९५९ साली मेथिसिलिन हे नवे औषध आले; आणि १९६१ साली त्यालाही दाद न देणारे जंतू इंग्लंडात सापडले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. व्यायामाने माणसाचे शरीर कणखर व्हावे त्याप्रमाणे औषध पचवून पचवून प्रत्येक जंतू निर्ढावत जातो, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. १९४३ साली लुरिया व डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी जंतूंना मारणाऱ्या विषाणूंवर प्रयोग केले. १९५२ साली जोशुआ व एस्थर लेडरबर्ग या पतिपत्नींनी मखमलीच्या तुकड्याने एका तबकडीवरील जंतूंचा ठसा दुसऱ्या तबकडीवर उमटविण्याची युक्ती काढली. या प्रयोगांवरून असे सिद्ध झाले की, मारक गोष्टीला पुरून उरणारे मोजके जंतू त्या घोळक्यात आधीपासूनच असतात. लाखो-कोटी जंतूंत एखाद्याच्या आनुवंशिक घडणीत योगायोगाने फरक पडलेला असतो. औषध आले की बाकीचे मरतात आणि त्या एकट्याला मैदान मोकळे मिळते. शिवाय हा फरक एक जंतू दुसऱ्याला देऊही शकतो. तात्पर्य, औषध जंतूला निर्ढावलेपण शिकवीत नाही. निर्ढावलेला जंतू निवडून काढते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे ती उपयोगी पडणार आहे.

रूढ परीक्षा आणि तिचा वेळ

जंतूची परीक्षा करण्याची रूढ पद्धत पाहू. रोग्याचे रक्त, लघवी किंवा पू यांचा नमुना घेतात आणि जंतूंना मानवेल अशा अन्नावर तो पसरून उबेत ठेवतात. हे अन्न आगराच्या खळीने घट्ट केलेले असते, आणि पेट्री या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १८८७ पासून चालत आलेल्या चपट्या झाकणाच्या बशीत ते ओततात. रात्रभरात एकेका जंतूपासून लक्षावधी जंतू होऊन साध्या डोळ्यांना दिसणारा ठिपका तयार होतो. हा झाला पहिला दिवस. त्या ठिपक्यातील जंतू घेऊन दुसऱ्या बशीवर सारखे पसरतात आणि वर निरनिराळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवतात. १९६६ साली बाउअर, कर्बी व त्यांचे सहकारी यांनी या परीक्षेला प्रमाणबद्ध रूप दिले. ज्या टिकलीभोवती स्वच्छ कडे पडते ते औषध लागू. जिच्या कडेपर्यंत जंतू बिनदिक्कत वाढतात ते निरुपयोगी. हे कडे वाचता येण्यासाठी आणखी सोळा-अठरा तास थांबावे लागते. हा झाला दुसरा दिवस. नमुना रक्ताचा असेल तर त्याआधी जंतू बाटलीत वाढवून घ्यावे लागतात. कारण प्रौढ माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात जंतू पुष्कळदा दहांहूनही कमी असतात.

ही पद्धत विश्वासू आहे, स्वस्त आहे, आणि साठ वर्षे तिने असंख्य रोग्यांची सेवा केली आहे. तिच्यात वेळ कोठे जातो, एवढेच आपणांस पाहावयाचे आहे. परीक्षा करण्यात फारसा वेळ जात नाही. वेळ जातो तो जंतूंची दाटी होण्यात. एकटादुकटा जंतू डोळ्याला दिसत नाही आणि उपकरणालाही जाणवत नाही. त्याची संख्या वाढावी म्हणून आपण थांबतो. म्हणजे हे दोन दिवस पुष्कळअंशी वाट पाहण्याचे असतात.

जागा लहान केली तर?

दाटी दोन रीतींनी होते. लग्नाच्या मांडवात दाटी व्हावयाची असेल तर एक तर माणसे वाढली पाहिजेत, किंवा मांडव लहान केला पाहिजे. आजवर आपण माणसे वाढण्याची वाट पाहत होतो. थेंबाची युक्ती मांडव लहान करण्याची आहे.

थोडा हिशेब करू. एक मिलिलिटर पाण्यात एकच जंतू आहे. आता त्या पाण्याचे सारखे दहा लाख थेंब केले. यांतील प्रत्येक थेंब मिलिलिटरच्या दहा लाखाव्या भागाएवढा, म्हणजे एक नॅनोलिटर भरेल. त्याचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे आठव्या भागाएवढा होईल. आपला जंतू यांपैकी एका थेंबात असेल, आणि बाकीचे नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव थेंब रिकामे असतील. जंतूंची संख्या एकच राहिली. परंतु ज्या थेंबात तो आहे त्यातील दाटी मात्र एका क्षणात दहा लाख पटींनी वाढली. जंतूला माणसाएवढा मानले तर आधी तो आठ किलोमीटर लांब, तितक्याच रुंद व तितक्याच खोल अशा समुद्रात एकटा होता. आता तो शंभर मीटर व्यासाच्या गोळ्यात आहे.

याने वेळ किती वाचला? आतड्यातील सामान्य जंतू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. समजा, आपल्या उपकरणाला जंतू जाणवण्यासाठी दर मिलिलिटरला एक कोटी जंतूंची दाटी हवी. एका जंतूपासून एक कोटी होण्यास तेवीस-चोवीस वेळा दुप्पट व्हावे लागते. त्याला सुमारे पावणेआठ तास लागतील. एक नॅनोलिटरच्या थेंबात हीच दाटी होण्यास जंतू हवेत फक्त दहा. एकाचे दहा होण्यास तीन-साडेतीन वेळा दुप्पट झाले की पुरते. म्हणजे एक तास आणि वर थोडी मिनिटे. मधले सहा तास चाळीस मिनिटे वाचली. जंतूला आपण घाई केलेली नाही. तो आपल्या गतीनेच वाढला. आपण फक्त त्याची जागा आखडली. प्रत्यक्षात जंतू नव्या जागी रुळण्यास थोडा वेळ घेतो, आणि सर्वच जंतू इतक्या वेगाने वाढत नाहीत. तेव्हा हे आकडे हिशेबाची दिशा दाखविण्यापुरते घ्यावेत. दिशा मात्र निश्चित आहे : थेंब जितका लहान तितके उत्तर लवकर.

थेंब पडतात कसे?

हे दहा लाख सारखे थेंब पाडावयाचे कोणी आणि कसे? येथे आपल्या आचाऱ्याची आठवण होते. तो झाऱ्यावर पीठ ओततो, आणि खालच्या कढईत बुंदीचे दाणे पडतात. पीठ पाण्यात कालवलेले, कढईत तूप; पाणी आणि तूप एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून दाणा दाण्यापासून वेगळा राहतो. थेंब पाडणाऱ्या यंत्राचे तत्त्व थोडेफार असेच आहे, फक्त झाऱ्याचे भोक केसाएवढे बारीक आहे आणि कढई काचेच्या पट्टीवर मावते.

ही पट्टी पारदर्शक सिलिकोन रबराची असते. सूक्ष्म विद्युत्‌मंडले बनविण्याच्या पद्धतीने आधी एक साचा तयार करतात, त्यावर पातळ रबर ओतून ते तापवून घट्ट करतात, आणि मोदक साच्यातून सोडवावा तसे सोडवून काचेवर चिकटवितात. रबरात उमटलेल्या खाचा म्हणजेच नळ्या. हार्वर्ड विद्यापीठातील जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या प्रयोगशाळेने १९९८ साली ही पद्धत सुटसुटीत करून दाखविली, आणि हे काम अनेक प्रयोगशाळांच्या आवाक्यात आले. २००१ साली कॅलिफोर्नियातील थॉर्सन, क्वेक व त्यांचे सहकारी यांनी अशा पट्टीत तेलाच्या प्रवाहाला आडवा पाण्याचा प्रवाह आणून मिळविला. तेल पाण्याच्या टोकाला पुढे ओढते, पृष्ठताण त्याला गोल होण्यास भाग पाडतो, आणि टोक तुटून थेंब होतो. पुन्हा टोक पुढे येते, पुन्हा तुटते. नळाची धार अगदी बारीक केली की ती खाली जाता जाता थेंबाथेंबाने तुटते, हे आपण रोज पाहतो. तेथे थेंब लहानमोठे पडतात. अरुंद नळीत मात्र प्रवाहाला भोवरे करावयास जागा नसते, पाण्याचे वजन नगण्य असते, सर्व कारभार पृष्ठताण आणि तेलाची ओढ या दोघांचा चालतो. म्हणून नळीची रुंदी आणि प्रवाहांचा वेग कायम ठेवला की थेंब एकसारखे पडतात, आणि सेकंदाला हजारांच्या संख्येने पडू शकतात. ते एकमेकांना चिकटून पुन्हा एक होऊ नयेत म्हणून तेलात साबणाच्या जातीचा एक पदार्थ घालतात. तो प्रत्येक थेंबाभोवती पातळ कवच धरतो.

थेंब तुटण्यापूर्वी त्याच्या पाण्यात तीन गोष्टी एकत्र आणतात : रोग्याचा नमुना व जंतूंचे अन्न, परीक्षा करावयाचे औषध, आणि एक रंग. या कामी पुष्कळदा रेझाझुरिन नावाचा निळा रंग घेतात. जिवंत जंतू अन्न पचवू लागला की त्याच्या क्रियेने हा निळा रंग गुलाबी होतो आणि योग्य प्रकाश पाडला असता झळकू लागतो. दुधात जंतूंचे मान किती आहे हे पाहण्यासाठी दुग्धशाळांतून या रंगाचा उपयोग करण्याची पद्धत जुनीच आहे. भरलेले थेंब शरीराइतक्या उबेत, म्हणजे ३७ अंशांवर ठेवतात, आणि मग एका ओळीने प्रकाशाच्या किरणासमोरून नेतात. थेंब झळकला, तर आत जंतू जिवंत आहे आणि वाढतो आहे. निळा राहिला, तर थेंब रिकामा आहे किंवा आतला जंतू औषधाने थोपला आहे.

येथे चाणाक्ष वाचक दोन शंका काढील. पहिली : एकाच थेंबात दोन-तीन जंतू गेले तर? दुसरी : निळा थेंब रिकामा आहे की आतला जंतू थोपला आहे, हे कळावे कसे?

पहिल्या शंकेचे उत्तर प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकातच देऊन ठेवले आहे. हजार वाट्या मांडाव्या आणि त्यांवर साबुदाण्याचे शंभर दाणे डोळे मिटून उधळावे. सुमारे ९०५ वाट्या रिकाम्या राहतील, ९० वाट्यांत एकेक दाणा पडेल, आणि एकाहून अधिक दाणे पडलेल्या वाट्या पाचाच्या आसपास असतील. थेंबांची संख्या जंतूंच्या दहापट ठेवली की जवळजवळ प्रत्येक जंतूला आपली स्वतंत्र खोली मिळते. लघवीच्या विकारात दर मिलिलिटरला एक लाख जंतू हे डॉक्टरांचे नेहमीचे प्रमाण आहे; एक मिलिलिटरचे दहा लाख थेंब केले की हेच दहास एक प्रमाण आपोआप साधते.

दुसऱ्या शंकेचे उत्तर तुलनेत आहे. समजा, अशा नमुन्याचे दहा हजार थेंब औषधाविना ठेवले. त्यांतील सुमारे ९५० झळकतील. कारण तितक्यांत जंतू आहेत. आता पहिले औषध घालून दहा हजार थेंब पाहिले, एकही झळकला नाही. औषध लागू आहे. दुसऱ्या औषधाबरोबर ९४० झळकले. ते औषध देणे व्यर्थ आहे. औषधाचे प्रमाण पायरीपायरीने वाढवीत नेले, तर किती मात्रेला जंतू थोपतो हेही कळते. आणि दहा हजार थेंबांना नमुना लागतो मिलिलिटरचा शंभरावा भाग. म्हणजे चमचाभर नमुन्यात औषधांची सगळी यादी तपासून होते.

नेमकी अशी परीक्षा २००८ साली, त्या वेळी शिकागो विद्यापीठात असलेले रुस्तम इस्मागिलोव व त्यांचे सहकारी बोडिकर, ली आणि क्लाइन यांनी करून दाखविली. मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या पुवाच्या जंतूंची त्यांनी नॅनोलिटरच्या थेंबांत, आधी वाढवून न घेता, अनेक औषधांवर एकाच प्रयोगात पारख केली. माणसाच्या रक्तातील पेशी काढून उरलेल्या रसात मिसळलेले निर्ढावलेले व साधे जंतूही त्यांनी वेगळे ओळखले. थेंब लहान केला की शोध लवकर लागतो, हे त्यांनी मोजून सिद्ध केले.

शितावरून भाताची परीक्षा

वेळ वाचतो हा थेंबाचा पहिला गुण. दुसरा गुण आम्हांस त्याहूनही मोलाचा वाटतो. वर आपण दोन औषधांचे निकाल पाहिले. समजा, तिसऱ्या औषधाबरोबर ९५० पैकी १२ थेंब झळकले. याचा अर्थ काय? अर्थ असा की, शंभरांतील सव्वा जंतू या औषधाला पुरून उरतो.

शितावरून भाताची परीक्षा होते, हे खरे, पण केव्हा? सगळा भात सारखा शिजलेला असेल तेव्हा. वर लुरिया व लेडरबर्ग यांच्या प्रयोगांत आपण पाहिले की, जंतूंच्या घोळक्यातला भात सारखा शिजलेला नसतो. नव्याण्णव मऊ, एखादा कणीदार. रूढ परीक्षेत हजारो-लाखो जंतूंचे एकत्रित वागणे दिसते. तेव्हा अल्पसंख्य निर्ढावलेल्यांची चाहूल निसटून जाण्याचा संभव राहतो. औषध सुरू केले की रोग्याला दोन दिवस बरे वाटते, नव्याण्णव मरतात, आणि उरलेला एक आपले राज्य उभारतो. थेंबांच्या परीक्षेत प्रत्येक शीत वेगळे चेपून पाहिले जाते. एकाच जातीच्या, एकाच जंतूपासून निपजलेल्या घोळक्यातही एकेकाची सहनशक्ती निरनिराळी असते, हे वॉर्सा येथील पोलिश शास्त्रज्ञ गार्स्टेकी व त्यांचे सहकारी यांनी थेंबांच्याच साहाय्याने दाखविले आहे.

आणखी एक गोष्ट. पेनिसिलिनचा नाश करणारे द्रव्य निर्ढावलेला जंतू सोडतो तेव्हा त्याच्या आडोशाने शेजारचे साधे जंतूही वाचतात. घोळक्यात कोण स्वतःच्या बळावर जगला आणि कोण शेजाऱ्याच्या पुण्याईवर, हे समजत नाही. थेंबात शेजारीच नसल्याने ज्याचा त्याचा हिशेब स्पष्ट होतो.

अडचणी

एवढे गुण सांगितल्यावर अडचणी सांगणे हे कर्तव्यच ठरते. तसे न करणे म्हणजे औषधाच्या जाहिरातीसारखे होईल.

पहिली अडचण त्या आडोशातूनच निघते. औषधाची किती मात्रा पुरते याचे डॉक्टरांजवळ जे तक्ते आहेत, ते दर मिलिलिटरला पाच लाख जंतू घेऊन केलेल्या परीक्षांवर बेतलेले आहेत. एकट्या जंतूला थोपविणारी मात्रा आणि घोळक्याला थोपविणारी मात्रा एक असेलच असे नाही. आणि रोग्याच्या शरीरात तर घोळकाच असतो. तेव्हा थेंबातील आकडा उचलून तसाच तक्त्यात बसविता येत नाही. त्याची रोग्यांवरील अनुभवाशी सांगड घालावी लागते. दुसरी अडचण रंगाची. गुलाबी झालेला रंग थोडाथोडा तेलातून शेजारच्या थेंबात झिरपतो, आणि रिकामा थेंब भरल्यासारखा भासू लागतो. तिसरी रक्ताची. मिलिलिटरभर रक्तात दहाच जंतू असतील, तर दहा लाख थेंबांतून ते दहा शोधता येतील. सेकंदाला हजार थेंब तपासले तर सतरा मिनिटांचे काम आहे. पण त्या दहांची वीस औषधांत वाटणी कशी करणार? तेथे अधिक रक्त घेणे आणि जंतू आधी गोळा करणे याला पर्याय नाही. चौथी क्षयाची. क्षयाचा जंतू दुप्पट होण्यास पंधरा-वीस तास घेतो. जागा आखडून काही फेऱ्या वाचतील, तरी एकेक फेरीच इतकी लांब आहे की उत्तराला दिवस लागणारच.

क्षयासाठी म्हणून वेगळी वाट चोखाळली गेली आहे. जंतूच्या आनुवंशिक द्रव्यातील ओळखीचा फरक शोधून काढणाऱ्या परीक्षा आज वापरात आहेत. गोव्यात तयार होणारे 'ट्रूनॅट' हे यंत्र त्यांपैकीच असून २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. या परीक्षा जलद आहेत. परंतु जे फरक आधीच माहीत आहेत तेवढेच त्यांना ओळखता येतात. एखाद्याची कुंडली पाहणे वेगळे आणि त्याला प्रत्यक्ष कामाला लावून पाहणे वेगळे. थेंबात जंतूला औषधासमोर उभे केले जाते, आणि तो वाढतो की थांबतो एवढेच विचारले जाते. त्याचे निर्ढावलेपण कोणत्या मार्गाने आले हे माहीत असण्याची गरज नाही.

थेंबांच्या परीक्षा आज मुख्यतः संशोधनाच्या प्रयोगशाळांत आहेत. परंतु एकेक जंतू सूक्ष्म जागेत गाठण्याची मूळ कल्पना रोग्यापर्यंत पोचू लागली आहे. स्वीडनमधील उप्साला येथे निघालेल्या एका यंत्रात थेंब नाहीत. तेथे हजारो अरुंद नळ्यांत जंतू अडकवून त्यांची वाढ थेट सूक्ष्मदर्शकाने पाहतात. लघवीच्या विकारात कोणते औषध लागू पडेल हे ते पाऊण तासात सांगते. २०२४ साली त्याला ब्रिटनमधील ८० लाख पौंडांचे लाँजिट्यूड पारितोषिक मिळाले. जेथे दोन दिवस लागत होते तेथे पाऊण तास पुरतो, ही गोष्ट आता स्वप्नातली राहिलेली नाही.

आपल्यापुरते

यंत्रे येतील तेव्हा येतील. ती येईपर्यंत आपण काय करावयाचे, हा प्रश्न उरतोच. फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या भाषणात असा इशारा दिला होता की, पेनिसिलिन दुकानात कोणालाही विकत मिळू लागेल तेव्हा अजाण माणूस ते अपुऱ्या मात्रेत घेईल आणि जंतूंना निर्ढावून सोडील. आपल्या देशात १ मार्च २०१४ पासून कित्येक महत्त्वाची प्रतिजैविके डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत आणि दुकानदाराला त्यांची नोंद ठेवावी लागते, असा नियम आहे. नियम चांगला आहे. तथापि मागच्या वेळी उरलेल्या गोळ्या घरच्या डब्यातून काढून घेणाऱ्याला तो अडवू शकत नाही. सर्दी-पडशाला, जे बहुधा विषाणूंनी होते, प्रतिजैविकाचा काही उपयोग नाही. आणि डॉक्टरांनी रक्त किंवा लघवी तपासावयास सांगितली असेल, तर तो नमुना शक्यतो औषधाची पहिली मात्रा घेण्यापूर्वी द्यावा. एकदा औषध पोटात गेले की जंतू अर्धमेले होतात, बशीत उगवत नाहीत, आणि उत्तर कोरे येते. मग बशी असो की थेंब, विचारावयाला जंतूच हाती नसतो.

रूढ परीक्षेने विचारले ते घोळक्याला, आणि त्याचे उत्तर यायला दोन दिवस लागले. थेंबाने एकेका जंतूला एकांतात गाठून विचारले, म्हणून ते लवकर आले आणि नेमके आले. ते उत्तर डॉक्टरांच्या हाती पहिल्या दिवशीच पडू लागले, तर साध्या औषधाने भागणाऱ्या रोग्याला साधे औषध मिळेल, आणि जबर औषधे ज्याला खरोखर लागतील त्याच्यासाठी शिल्लक राहतील.